एका दुरुस्तीला एक ओवी

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या वाचनालयाचे आधारस्तंभ, आदरणीय सिद्रामप्पा अण्णा. वेळात वेळ काढून आलेल्या प्रमुख पाहुण्या, आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका मालतीताई. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत आणि ज्यांनी जावं असं इथं एकालाही वाटत नाही, ते सत्कारमूर्ती गंगाधर सर. व्यासपीठावरचे इतर मान्यवर. आणि उकाड्याला न जुमानता पंख्याखालच्या खुर्च्या धरून बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, आपणा सर्वांना सविनय जयभीम आणि नमस्कार.

मी धम्मप्रिया बनसोडे. मालतीताईंच्याच शाळेत लिपिक आहे. 'सरांचे कार्य' या विषयावर मी बोलावं असं समितीनं ठरवलं होतं. त्याप्रमाणे मी छान कागद लिहून आणले होते. त्यात दीपस्तंभ होता, ज्ञानगंगा होती, सगळं होतं. ते कागद पर्समध्ये आहेत आणि तिथंच राहतील. अर्ध्या तासापूर्वी, इथं खुर्चीवर बसल्या बसल्या, मला दुसरंच काहीतरी कळलंय, आणि ते सांगितल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही. अण्णा, घड्याळाकडे बघू नका. आज मी वेळ पाळणार नाही.

पण आधी सरांचं कार्य. ते सांगितल्याशिवाय माझं पुढचं कुणाला कळणार नाही.

सर निवृत्त झाले तेव्हा आपल्या वस्तीत घरोघरी जुने कॉम्प्युटर होते. कुणी ऑफिसातून लिलावात आणलेले, कुणाच्या पुण्यातल्या भावानं पाठवलेले. जाडजूड पडदा, पिवळी पडलेली कळपाटी, आणि सुरू होताना म्हातारा खोकल्यासारखा आवाज. दुकानदार त्यांना हात लावत नव्हते. "नवीन घ्या" एवढंच सांगायचे. नवीन घ्या! जणू आपण भाजी घ्यायला निघालोय. तेव्हा सरांनी याच हॉलमध्ये रविवारचा वर्ग सुरू केला. आयुष्य भौतिकशास्त्र शिकवण्यात गेलेलं, त्यामुळे पहिला नियम सांगितला तो असा: उघडण्याआधी वायर भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

आपल्या गावचे रोग सरांनी ओळखले होते. पुस्तकातले रोग वेगळे आणि सोलापूरचे वेगळे. इथं यंत्रमागांची कापसाची धूळ हवेत असते. ती आतल्या पंख्यात जाऊन बसते आणि त्याची गादी तयार होते. वर आपला उन्हाळा. सर म्हणायचे, "त्याला भूक नसते, त्याला फक्त श्वास लागतो, तेवढा घेऊ द्या की." रंगाच्या साध्या ब्रशनं पंखा कसा झाडायचा, तो झाडताना पातं बोटानं कसं धरून ठेवायचं, हे त्यांनी आपल्याला शिकवलं. पिपाणी वाजल्यासारखं यंत्र नुसतंच वाजत राहिलं तर आतली मेमरीची पट्टी काढून तिची सोनेरी कड खोडरबरनं पुसायची. निम्म्या वस्तीचे कॉम्प्युटर शाळेच्या खोडरबरवर जगले. तारीख रोज मागं जात असेल तर यंत्राला खूळ लागलेलं नसतं, आतला बटणाएवढा सेल संपलेला असतो. अण्णा, तुम्ही त्या तारखेवरून घरी पंचांग काढलं होतं, आठवतंय का? हसा, हसा. आज हसून घ्या.

आणि खंडेनवमी! आपण यंत्राची पूजा करतो, चांगलीच गोष्ट आहे. पण पूजा म्हणजे हळदीकुंकू नेमकं पंख्याच्या जाळीवर? दर दसऱ्यानंतर सरांकडे रांग लागायची. सर नाकाला रुमाल बांधून कुंकू झाडत बसायचे आणि पुटपुटायचे, "देवानं प्रसन्न व्हावं म्हणून याचा जीव घेऊ नका." बसव्वाक्कांच्या यंत्रातून एकदा अक्षता निघाल्या होत्या. अक्का, खरं की नाही?

तर असे सर. त्यांची मान खाली असते, स्वभाव तिरसट आहे. "किती वेळा सांगू" हे त्यांचं पालुपद. पण पुन्हा सांगायचे. उद्या ते मुलीकडे नागपूरला राहायला जातायत, कायमचे. गुडघे साथ देत नाहीत. आम्ही कोण अडवणार?

सर जाणार, मग ही यंत्रं कोण बघणार, म्हणून आपल्या समितीनं एक चांगला उपक्रम ठरवला. चांगलाच आहे, मी स्वतः त्या बैठकीत हात वर केला होता. समारंभाला येताना प्रत्येकानं घरचा जुना कॉम्प्युटर घेऊन यायचा, आणि तो ई-कचऱ्यात रीतसर द्यायचा. बाहेर व्हरांड्याला लागून टेंपो उभा आहे. यंत्रं त्यात चढवून झाली आहेत. तुम्ही ती प्रेमानं चादरींत गुंडाळून आणलीत. कार्यक्रम संपला की टेंपो जाणार आणि पुढच्या ठिकाणी ती फोडून तांबं वेगळं, प्लास्टिक वेगळं करणार.

हे लक्षात राहू द्या. टेंपो बाहेर उभा आहे.

आता माझ्या आईचं सांगते. ती इथं पहिल्या रांगेत बसली आहे, शाल-श्रीफळाच्या टेबलाशेजारी. नागूबाई. तुम्ही सगळे तिला ओळखता. ती तुम्हाला ओळखत नाही, पण तो दोष तुमचा नाही. ती मलाही रोज ओळखत नाही. कधी मी तिची लेक असते, कधी मिलमधली सोबतीण.

आई मिलमध्ये सूत गुंडाळायच्या खात्यात होती. तिथल्या घरघरीत ती ओव्या गायची. यंत्राच्या आवाजावर आवाज चढवून, स्वतः रचून. मुकादमावर ओवी, भोंग्यावर ओवी, बाबासाहेबांच्या फोटोपुढं लावलेल्या मेणबत्तीवर ओवी. मिल बंद पडली आणि आई गप्प झाली. आम्ही किती विनवलं, "आई, गा ना." ती म्हणायची, "बसून येत न्हायीत गं त्या. आवाज लागतो खाली."

मग आमच्या घरी कॉम्प्युटर आला. जुना, चौथ्या हाताचा. त्याचा पंखा अशी घरघर करायचा की शेजारी विचारायचे, काय दळताय? मी शाळेचं टायपिंग घरी करत बसले होते, आई शेजारी लसूण सोलत होती, आणि एकदम ती गायला लागली. इतक्या वर्षांनी! मी शाळेचं पान सोडलं आणि ती गाईल ते टाईप करत गेले. पुढं ती रीतच झाली. पंखा घरघरला की आई गायची. म्हणून मी तो पंखा कधी बदलला नाही. सर म्हणायचे, "धम्मप्रिया, नवा बसवतो, आवाज होणार नाही." मी म्हणायची, "सर, आवाज राहू द्या, बाकीचं काय ते बघा."

तुम्ही म्हणाल, मोबाईलवर का नाही घेतलं? मोबाईल पुढं धरला की आई पदर तोंडाला लावायची. छापून का नाही घेतलं? पुस्तक करायचं होतं हो, आणखी थोड्या येऊ देत म्हणत राहिले. मेलवर का नाही पाठवलं? पाठवलं होतं. आपला मराठीचा फॉन्ट जुना, समोरच्याकडे नुसते किडे-मुंग्या उमटले. तो म्हणाला, ताई, व्हायरस आलाय. मी नाद सोडला.

मग आईचा आजार वाढला. गाणं थांबलं, शब्द हरवले. पण एक राहिलं होतं. पंखा चालू असला की ती शांत बसायची. नवा लॅपटॉप आणून बघितला, त्याला आवाजच नाही. आई घरभर फिरत राहायची, दाराची कडी वाजवायची. म्हणून मी शाळेत जाताना कॉम्प्युटर तिच्यासाठी चालू ठेवून जायला लागले. सरांचा नियम होता, कुणी नसताना चालू ठेवू नका. पण सर, नियम तुमचा होता आणि आई माझी होती.

याच वैशाखात एके दुपारी मी घरी आले तर घर गप्प. आई कॉम्प्युटरजवळ बसलेली. आणि कॉम्प्युटरवर चादर. आपली सोलापुरी चादर, दुहेरी घडी करून, नीट चारी बाजूंनी खोचलेली. मी म्हटलं, आई, हे काय? ती म्हणाली, "अगं, लई तापलंय ते. हात लावून बघ की. अंगात कणकण हाय त्याच्या. म्या पांघरूण घातलं, घाम फुटला म्हंजी उतरंल."

आम्हाला लहानपणी ताप आला की ती तेच करायची. 

चादर काढली तेव्हा डबा तव्यासारखा भाजत होता. गार झाल्यावर सुरू केला, तर आतून टक, टक, टक एवढाच आवाज. मी पळत सरांकडे गेले. सर तशाच दुखऱ्या गुडघ्यांनी आले, कान लावून ऐकलं, आणि वायर भिंतीतून काढली. म्हणाले, "आता पुन्हा चालू करायचा नाही. जेवढी फिरेल तेवढी आतली तबकडी खरवडत जाईल." मग विचारलं, "दुसरी प्रत?" मी अभिमानानं सांगितलं, आहे की सर, तुम्हीच सांगितलं होतं दोन जागी ठेवा, एक सी ड्राइव्हमध्ये आहे, एक डी ड्राइव्हमध्ये आहे.

सर खाली बसले.

इथं कितीजणांना माहीत आहे की सी आणि डी या एकाच घराच्या दोन खोल्या असतात? घर जळालं की दोन्ही खोल्या जळतात? माना हलवू नका, तुमच्यापैकी निम्म्यांचं तसंच आहे. सर, तुम्ही हे एका रविवारी सांगितलं असणार. त्या रविवारी मी आईला घेऊन दवाखान्यात असणार. पण तुम्ही "किती वेळा सांगू" म्हणणारा माणूस, हे एकच पुन्हा का नाही सांगितलंत? मी तुमच्यावर रागावले आहे. निरोप समारंभात असं बोलत नाहीत, मला माहीत आहे. पण रागवायला मला दुसरं कुणी नाही. आईवर कशी रागावू?

तबकडी पुण्याला पाठवली. काल उत्तर आलं. पृष्ठभाग खरवडला गेलाय, काही निघणार नाही. काल मी ते आईला सांगितलं. तिला कळणार नाही हे माहीत असूनही सांगितलं. ती म्हणाली, "ताप उतरला का त्याचा?"

म्हणून आज सकाळपासून मी इथं नुसती शरीरानं होते. खुर्च्या मांडल्या, हार आणले, तुमच्याकडे बघून हसले. आतून मी संपले होते. आई समोर आहे, पण आईचं बोलणं कुठंच नाही. तिच्यातही नाही, यंत्रातही नाही, आणि माझ्यातही नाही. मीच टाईप केल्या होत्या सगळ्या, पण बोटांनी. आठवायला बसले तर ओळी सुरू होतात आणि मध्येच तुटतात.

आणि मग माझ्या आधी बसव्वाक्का बोलायला उभ्या राहिल्या. अक्का, तुम्ही किस्सा सांगितलात. तुमचा कॉम्प्युटर सरांनी नीट केला, तुम्ही म्हणालात झालं ना, मी नेते, आणि सर ओरडले, "थांबा, ओवी कुठं टाईप केलीत?" सगळे हसलात. मी पण हसले. आणि हसता हसता मी दाराबाहेरच्या टेंपोकडे बघितलं.

नव्या लोकांना सांगते. सरांची एक पद्धत होती. यंत्र दुरुस्त झालं असं ते कधीच लगेच म्हणायचे नाहीत. मालकाला बसवायचे, काहीतरी टाईप करायला लावायचे, साठवायला लावायचे. मग यंत्र बंद. एक चहा. मग पुन्हा चालू. टाईप केलेलं जागेवर सापडलं तरच यंत्र बरं झालं. टाईप काय करायचं, तर सुरुवातीला लोक स्वतःचं नाव लिहायचे. सर म्हणाले, नावानं सगळी अक्षरं तपासून होत नाहीत, जोडाक्षरं येऊ देत. मी तिथं टायपिंग शिकवायला बसायची. मी म्हटलं, आईची ओवी सांगू का? तेव्हापासून तीच रीत पडली. एका दुरुस्तीला एक ओवी. त्या आठवड्यात आईनं गायलेली असेल ती. आणि सर बजावायचे, "ती पुसू नका. पुढच्या वेळी तीच बघून मला कळेल, गडबड कुठं झालीय."

ती पुसू नका!

अक्का आत्ता म्हणाल्या, "भोंगा वाजला मिलचा, भाकर ऱ्हायली तव्यात," आणि मग हसून, "पुढचं विसरले बघा." अक्का, पुढं काय होतं? लेक पाळण्यात होती का? सूत हातात होतं का? मलाही आठवत नाही. पण तुमच्या यंत्राला आठवतंय. तुम्ही ते स्वतःच्या हातानं त्यात घातलंय.

आता कळलं का मी कागद पर्समध्येच का ठेवले? आईच्या ओव्या दोन जागी नव्हत्या. या वस्तीत जितकी बिघडलेली यंत्रं, तितक्या जागी होत्या. सरांनी त्या ठेवायला लावल्या, आपण काय जपतोय हे सरांनाही ठाऊक नव्हतं. आणि आपण सगळ्यांनी मिळून, सरांच्या सन्मानार्थ, त्या टाळ्या वाजवत उचलून टेंपोत भरल्या.

अध्यक्ष महोदय, सिद्रामप्पा अण्णा. आपलं यंत्र म्हणजे आख्ख्या सोलापुरात नतद्रष्ट. दर महिन्याला काहीतरी. कधी उंदरानं वायर खाल्ली, कधी नातवानं खाचेत पापड घातला. आपण ते डोक्यावर घेऊन यायचात आणि सर कपाळाला हात लावायचे. अण्णा, आख्ख्या वस्तीत माझ्या आईच्या सगळ्यात जास्त ओव्या तुमच्याकडे आहेत. मी आपल्या पाया पडते. ते यंत्र फोडू देऊ नका.

मला खोटी आशा धरायची नाही. काहींच्या आतला डिस्कचा डबा आधीच काढून विकला गेला असेल. काही वर्षानुवर्षं पलंगाखाली होते, ते उठतीलच असं नाही. काहींनी पोरांच्या खेळांसाठी जागा हवी म्हणून ओवी पुसली असेल, मला तोंडावर सांगा, मी काही म्हणणार नाही. दहांतून एक उठला तरी चालेल. एक ओळ मिळाली तरी चालेल. आणि गंगाधर सर, आपली गाडी उद्या आहे. आजची संध्याकाळ मला द्या. ब्रश मी धरते, खोडरबर मी आणते, अंगणात सतरंजी टाकते, गुडघे मुडपू नका, आपण नुसतं खुर्चीवर बसून कान लावा आणि सांगा कुठला मेलाय आणि कुठला नुसता झोपलाय. सत्कारमूर्तीला कुणी असं कामाला लावत नाही. पण मला तुमच्याशिवाय हे येत नाही हो सर. इतके रविवार बसून मला येत नाही.

आईला त्यातलं काही कळेल का? माहीत नाही. वाचून दाखवलं तर ती म्हणेल, कुणाच्या बाईच्या ओव्या, छान हायेत. म्हणू दे. तेवढं तरी तिनं ऐकून जावं. आई, ऐकतेस ना...

आई कुठं गेली?

पहिल्या रांगेत होती. आत्ता होती. कुणी बघितलं का? अक्का, तुमच्याच शेजारी...

एक मिनिट. थांबा, कुणी उठू नका. ती दिसली. इथून, या उंचीवरून दिसते, दारातून सरळ. ती टेंपोजवळ आहे. कडेला ठेवलेल्या एका यंत्राला हात लावून बघतेय. दिवसभर उन्हात उभा आहे टेंपो, तापलाच असणार.

सर, समितीच्या वतीनं आपला शाल आणि श्रीफळ देऊन सत्कार व्हायचा होता. श्रीफळ टेबलावर आहे. शाल आईनं नेली. अण्णांच्या कॉम्प्युटरवर पांघरतेय ती, चारी बाजूंनी खोचतेय.

माझं बोलणं लांबलं, रागाच्या भरात सत्कारमूर्तींना, अध्यक्षांना लागेल असं बोलले, व्यासपीठाची पायरी सोडली. चुकलं असेल ते पोटात घाला. समितीनं मला बोलू दिलं, आपण सर्वांनी उकाड्यात ऐकून घेतलंत, आणि सरांनी इतकी वर्षं प्रत्येकाला चहा होईपर्यंत थांबवून ठेवलं, त्याबद्दल मी सर्वांची ऋणी आहे.

आता सरांची शाल आणायला टेंपोपर्यंत जावंच लागेल. सगळेच चला. आणि परत येताना आपापलं यंत्र उचलून आणा. चादर सोडून आणा, त्याला श्वास घेऊ द्या.

जयभीम.